अंगकोरला जाण्यापूर्वी

प्रवासाची तयारी म्हटली की मराठी घरात अजूनही प्रथम आठवण होते ती दशम्यांची, चिवड्याची आणि मेतकुटाच्या डब्याची. काशीयात्रेला निघालेले वृद्ध जोडपे असो की मुलाकडे परदेशी निघालेले आईवडील असोत, डब्यांची मोजदाद आधी होते आणि कागदपत्रांची मागून. यात हसण्याजोगे काही नाही. परक्या मुलुखात पोटाची चिंता मिटली म्हणजे डोळे मोकळे राहतात, हे जुने शहाणपण आहे. परंतु काही देश असे असतात की, तेथे जाताना डब्यांखेरीज दुसरीही एक शिदोरी बांधावी लागते. आणि ती बांधली नाही तर माणूस हजारो मैल जाऊन, पदरचे पैसे खर्चून, पाहावयाचे ते न पाहताच परततो. कंबोडिया हा अशांपैकी एक देश होय.

भारतातून तेथे जाणारा प्रवासी बहुधा एकाच वास्तूच्या ओढीने जातो. अंगकोर वाट हे विष्णुमंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधविले. त्याच्या भोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. आतील तटाची लांबी एक किलोमीटरहून किंचित अधिक, रुंदी सुमारे ८०० मीटर, आणि मधले शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच. हे आकडे ऐकून मनात भव्यता उभी राहते, पण कल्पना येत नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याने असे समजावे की, तेथे एक डोंगर वरून खाली पोखरीत आणला, आणि येथे सपाट भाताच्या प्रदेशात दूरच्या कुलेन पर्वतातील वालुकाश्म कालव्यांवाटे आणून खालून वर एक डोंगर रचला. दगडावर दगड चुन्याशिवाय बसविलेले आहेत. आपल्याकडील हेमाडपंती देवळांच्या बांधणीची सवय असलेल्या डोळ्यांना ही गोष्ट चटकन ओळखीची वाटेल.

ही ओळखीची खूण हीच प्रवाशाची पहिली सोय आणि पहिला धोकाही आहे. समुद्रमंथन, कुरुक्षेत्र, लंकेचे युद्ध या सर्व कथा भिंतीवर कोरलेल्या पाहून 'हे तर आपलेच' असे उद्गार निघतात, आणि त्या उद्गाराबरोबर पाहणेही संपते. आपलेच म्हटल्यावर पाहावयाचे काय उरते? वस्तुतः ही मंदिरे ख्मेर राजांनी, ख्मेर कारागिरांकडून, ख्मेर देवराज्याच्या कल्पनेने उभारली. संस्कृत भाषा, पुराणे, लिपी हे सारे समुद्रावरून गेले खरे, परंतु तेथे गेल्यावर त्याचे जे झाले ते इकडे कोठेही झालेले नाही. जाण्यापूर्वी तयारी करावयाची ती मुख्यतः या फरकाची.

तेव्हा आरंभ ऋतूपासून करावा. कंबोडियात साधारणपणे मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस असतात. डिसेंबर-जानेवारीत हवा त्यातल्या त्यात सुखाची, आणि म्हणूनच गर्दीही तेव्हाच सर्वांत अधिक. एप्रिलमधील उष्मा विदर्भातील माणसाला नवा नाही, परंतु तो दमट आहे हे ध्यानात ठेवावे. नागपूरच्या उन्हात सावली गाठली की जीव निवतो, तेथे सावलीतही घाम थांबत नाही. नोव्हेंबरचा मध्य हा समय विशेष चांगला. पावसाने खंदक आणि तळी भरलेली असतात, झाडी हिरवी असते आणि रस्ते सुकलेले असतात. त्याच सुमारास तोन्ले साप सरोवराचे नवलही पाहता येते. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की, सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. पाऊस ओसरला की प्रवाह पुन्हा फिरतो. अंगकोरचे वैभव भाताच्या आणि माशांच्या ज्या समृद्धीवर उभे राहिले, तिचे मूळ या उलट्या वाहणाऱ्या पाण्यात आहे.

दोन काळ मात्र टाळावेत, अथवा जाणूनबुजून निवडावेत. एक, एप्रिलच्या मध्यावर येणारे ख्मेर नववर्ष. सूर्य मेष राशीत जातो तेव्हाचा हा सण, म्हणजे पंजाबातील बैशाखीचा सखा. दुसरा, 'प्चुम बेन'. बहुतेक वर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षातील पंधरा दिवस हा विधी चालतो आणि अमावास्येला त्याची समाप्ती होते. लोक पहाटेपूर्वी विहारात जातात आणि उपाशी पितरांसाठी भाताचे गोळे वाहतात. 'बेन' हा शब्द पिंड या शब्दापासूनच आलेला आहे. मराठी घरात सर्वपित्री अमावास्येला पाने वाढली जात असतात त्याच सुमारास सियाम रीपच्या विहारांत हा भात उधळला जात असतो! या दिवसांत दुकाने बंद असतात, मोटारी मिळत नाहीत, शहरातील लोक आपापल्या खेड्यांना गेलेले असतात. ज्याला केवळ मंदिरे पाहावयाची आहेत त्याची गैरसोय होईल. ज्याला माणसे पाहावयाची आहेत त्याने हेच दिवस धरावेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी. भारतीय नागरिकांना व्हिसा आवश्यक आहे. तो घरबसल्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून काढता येतो किंवा विमानतळावर उतरल्यावर घेता येतो. २०२४ पासून विमानाने येणाऱ्यांना आगमनाचा तपशीलही आधीच संगणकावर भरून द्यावा लागतो. हा तपशील भरण्यास शुल्क नाही. कोणी शुल्क मागितले तर ती जागा सरकारी नव्हे असे खुशाल समजावे. नकली संकेतस्थळांचा सुळसुळाट इतका झाला आहे की, पत्ता दोनदा वाचल्याखेरीज पैसे भरू नयेत. सियाम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला असून तो गावापासून बराच, सुमारे ४० किलोमीटरहून अधिक दूर आहे. जुन्या प्रवासवर्णनांत विमानतळ म्हणजे गावाची वेसच असे वाचून रात्री उशिरा उतरणाऱ्याने वाहनाची सोय आधी करून ठेवावी. नोम पेन्ह ते सियाम रीप हे अंतर रस्त्याने सुमारे ३१५ किलोमीटर आहे.

पुष्कळांचा बेत थायलंड पाहून जमिनीवरून कंबोडियात शिरण्याचा असतो. तो बेत करताना सावध असावे. २०२५ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये दोन्ही देशांच्या सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला आणि सीमेवरील नाकी बंद झाली. सीमेच्या अगदी कड्यावर असलेले प्रेआह विहेअर हे शिवमंदिर कितीही मोहक असले, तरी परराष्ट्र मंत्रालयाची आणि नोम पेन्ह येथील भारतीय वकिलातीची ताजी सूचना वाचल्यावाचून त्या दिशेला फिरकू नये.

याच ठिकाणी, सहलीशी प्रत्यक्ष संबंध नसलेली पण घराघरातील तरुणांशी संबंध असलेली एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कंबोडियात संगणकावरील कामाची भरघोस पगाराची नोकरी देतो, तूर्त पर्यटकाच्या व्हिसावर चला, असे सांगणारे दलाल गेल्या काही वर्षांत भारतातील अनेक गावांत हिंडले. त्यांच्या शब्दावर गेलेल्या तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन, त्यांना कोंडून, त्यांच्याकरवी दूरध्वनीवरून आणि संगणकावरून लोकांना फसविण्याचे काम करून घेण्यात आले. अशा सुमारे २५० भारतीयांची सुटका करून त्यांना परत पाठविल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ च्या मार्चअखेर जाहीर केले होते. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे एकच वाक्य ज्या घरात ठाऊक असेल ते घर या जाळ्यात सापडावयाचे नाही.

पैशांचा व्यवहार तेथे दुहेरी आहे. देशाचे नाणे रिएल. एका अमेरिकन डॉलरला सुमारे ४,००० रिएल पडतात. परंतु हॉटेल, वाहन, मंदिराचे तिकीट हे सारे डॉलरमध्ये चालते आणि सुटे पैसे रिएलमध्ये परत मिळतात. भारतीय रुपया बाजारात कोणी घेत नाही. नोटा नेताना त्या कोऱ्या असाव्यात. कडेला किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली डॉलरची नोट दुकानदार बिनदिक्कत परत करतो, आणि मग ती नोट भारतात आणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लहान नोटा अधिक घ्याव्यात. अंगकोरचा प्रवेशपरवाना २०१७ पासून एका दिवसास ३७, तीन दिवसांस ६२ आणि सात दिवसांस ७२ डॉलर असा आहे. तो अधिकृत तिकीटघरातून किंवा तेथील खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा लागतो, आणि त्यावर प्रवाशाचे छायाचित्र असते. मंदिरोमंदिरी तो तपासतात. म्हणून खोलीवर विसरून निघणे म्हणजे तास-दोन तास घालविणे. बारा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, मात्र वय दाखविण्यास त्यांचा पासपोर्ट जवळ हवा. तीन दिवसांचा परवाना सलग तीन दिवसच वापरावा लागतो असे नाही. दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस निवडता येतात. ही सवलत वृद्धांनी अवश्य घ्यावी. एक दिवस पाहावे, एक दिवस पाय चेपीत बसावे.

आता डब्यांकडे वळावे. कंबोडियात भात हेच मुख्य अन्न, म्हणून कोकणातील किंवा गोव्यातील मत्स्याहारी माणसाला तेथे परकेपणा वाटू नये. नारळाच्या दुधात मसाला घालून केळीच्या पानात वाफविलेला मासा, ज्याला 'आमोक' म्हणतात, तो तर घरच्या पदार्थाचा दूरचा भाऊ वाटेल. अडचण होते ती शाकाहारी माणसाची. भाजी मागितली तर भाजी मिळते. परंतु ती 'तुक त्रेय' म्हणजे माशाच्या आंबविलेल्या रसात परतलेली असते, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मासा नसतोच. 'प्रहोक' ही माशाची उग्र चटणीही कोणत्या पदार्थात असेल याचा नेम नाही. यात फसवणूक नाही. आपल्याकडे फोडणीतल्या हिंगाला जसे कोणी वेगळा पदार्थ समजत नाही, तसेच हे आहे. यावर उत्तम उपाय असा की, उतरल्या दिवशी हॉटेलातील माणसाकडून एका कागदावर ख्मेर लिपीत लिहून घ्यावे: मांस नको, मासा नको, माशाचा रस नको, प्रहोक नको, अंडे चालते किंवा चालत नाही. तो कागद दाखविला की काम होते. सियाम रीप आणि नोम पेन्ह येथे भारतीय जेवण मिळते, पण दिवसभर मंदिरांच्या रानात हिंडताना ते मिळत नाही. तेव्हा दशम्या, भाजलेले पोहे, कोरडी चटणी आणि मेतकूट न्यावे. गरम भात कोठेही मिळतो, आणि त्यावर मेतकूट पडले की प्रश्न मिटला. तूप किंवा लोणचे हातातील पिशवीत ठेवले तर विमानतळावर काढून घेतील. ते मोठ्या सामानात, घट्ट झाकणाच्या बाटलीत असावे.

प्रकृतीबाबत डॉक्टरांना आधी विचारावे हे सांगावयास नकोच. पाणी बाटलीतले अथवा उकळलेले प्यावे. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि अंगाला लावण्याचे औषध जवळ ठेवावे. मंदिरांच्या परिसरात माकडांच्या टोळ्या आहेत. त्यांना मारुतीचे वंशज समजून केळी देण्याचा मोह आवरावा, कारण ती चावतात, आणि चावल्यावर पिसाळरोगाच्या लसीसाठी धावपळ होऊन सहल तेथेच संपते. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दुखणे गंभीर झाले तर रुग्णाला पुष्कळदा बँकॉकला हलवावे लागते आणि तो खर्च प्रचंड असतो. म्हणून प्रवासाचा विमा उतरविताना त्यात ही तरतूद आहे की नाही ते वाचून घ्यावे. विमा उतरविणारे सगळेच असतात, वाचणारे थोडे.

कपड्यांचा नियम सोपा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत; नसतील तर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सोडीत नाहीत. तेथे चढण्यास उभ्या चढणीचा जिना आहे. मूळच्या दगडी पायऱ्यांवर आता लाकडी पायऱ्या व कठडा बसविलेला आहे, तरी गुडघेदुखीच्या माणसाने खालूनच नमस्कार करावा हे बरे. बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो मजला बंद असतो. उन्हासाठी तेथील 'क्रमा' पहिल्याच दिवशी विकत घ्यावा. हे चौकटीचे सुती वस्त्र म्हणजे आपला पंचा, उपरणे आणि फडके यांचा एकत्र अवतार होय. शेतकरी ते डोक्याला गुंडाळतो, आई त्याची झोळी करते, आणि प्रवाशाला ते घाम पुसावयास, मान झाकावयास आणि देवळात खांद्यावर घ्यावयास उपयोगी पडते.

लोक मनाने मृदू आहेत. दोन्ही हात जोडून केलेल्या नमस्काराला तेथे 'संपेआ' म्हणतात, तेव्हा अभिवादन शिकण्याचा प्रश्नच नाही. वडीलधाऱ्या माणसापुढे हात अधिक उंच न्यावयाचे, एवढेच लक्षात ठेवावे. आभार मानताना 'ऑकुन' म्हणतात, आणि त्यातील शेवटचे अक्षर म्हणजे आपला 'गुण' हा शब्द. खेड्याला 'फूम', म्हणजे भूमी, अन्नाला 'आहार', चेहऱ्याला 'मुक', आणि नगर या शब्दाचेच रूप अंगकोर. हे शब्द जाण्यापूर्वी वहीत उतरवून घेतले तर रिक्षावाल्याशी बोलतानाही गंमत येते. लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नये, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, आणि स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. मंदिरांच्या वाटेवर मुले चित्रे, बांगड्या विकावयास येतात. त्यांच्याकडून घेऊ नये अशी तेथील व्यवस्थापनाचीच विनंती आहे, कारण विक्री झाली की शाळा बुडते. अनाथाश्रमांना भेटी देण्याची टूमही टाळावी. तेथील कित्येक मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठीच ती तेथे ठेवलेली असतात.

पाहण्याचा क्रम कसा लावावा? बहुतेक वाटाडे पहिल्याच पहाटे अंगकोर वाटच्या सूर्योदयाला नेतात. शिखरामागून सूर्य वर येतो आणि समोरच्या तळ्यात पाच शिखरांचे प्रतिबिंब पडते, हे दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ते हजारो कॅमेऱ्यांच्या आडून पाहावे लागते, आणि मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने त्या वेळी त्याचा दर्शनी भाग काळोखात असतो. शिल्प पाहावयास पश्चिमेच्या ओवऱ्यांत तिसऱ्या प्रहरी जावे. उतरते ऊन तेव्हा थेट भिंतीवर येते. शिवाय सर्वांत थोर ते सर्वांत आधी पाहिले तर पुढचे फिके वाटते. म्हणून पहिला दिवस रोलुओसच्या मंदिरांना द्यावा. तेथील प्रेआ को व बाकोंग ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मेरुपर्वताची कल्पना पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिरात कशी उतरू लागली ते तेथे कळते. नंतर इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले बांतेय स्रेई पाहावे. ते लहान आहे, लालसर दगडाचे आहे, आणि राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वान मंत्र्याने बांधविले आहे. त्याच्या दारांवरील नक्षी पाहताना सोनाराच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते. वेळ असेल तर क्बाल स्पेआन येथील नदीही पाहावी. पात्रातील खडकावरच शेकडो शिवलिंगे कोरली आहेत, अशासाठी की त्यांवरून वाहणारे पाणी पवित्र होऊन शेतांत जावे.

मग अंगकोर थोम. सातवा जयवर्मा ११८१ मध्ये गादीवर आला. तो महायान बौद्ध होता. त्याच्या बायोन मंदिराच्या मनोऱ्यांवरचे मंद हसणारे प्रचंड चेहरे सर्वांना छायाचित्रांतून ठाऊक असतात. त्यामुळे प्रवासी वर पाहत राहतो आणि खालच्या भिंतींवरचा बाजार त्याच्या नजरेतून सुटतो. त्या भिंतींवर मासे विकणाऱ्या बायका आहेत, कोंबड्यांची झुंज आहे, भात शिजतो आहे, चाम लोकांशी सरोवरावर युद्ध चालले आहे. १२९६ मध्ये चौ ता-कुआन नावाचा चिनी माणूस दूतमंडळाबरोबर येऊन सुमारे वर्षभर येथे राहिला होता. बाजाराचा सारा व्यवहार बायका चालवितात असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे छोटेसे पुस्तक इंग्रजीत सहज मिळते. विमानात दुसरे काही न वाचता तेवढे वाचले तरी पुरे. ता प्रोम हे मंदिर याच राजाने ११८६ मध्ये मातेच्या स्मरणार्थ प्रतिष्ठापिले. त्याच्या संस्कृत शिलालेखात ३,१४० गावे, ७९,३६५ माणसे आणि ६१५ नर्तकी या मंदिराच्या सेवेला असल्याचे नमूद आहे. आज भिंतींवर वृक्षांची मुळे सापासारखी उतरली आहेत. त्या मुळांना न तोडता भिंती सावरण्याचे नाजूक काम तेथील खात्याबरोबर भारतीय पुरातत्त्व विभागाने केले. याच विभागाने १९८६ ते १९९३ या काळात, यादवी पुरती शमली नसताना, अंगकोर वाटच्या जीर्णोद्धाराचेही काम केले होते. त्या वेळच्या रासायनिक सफाईवर पुढे टीका झाली. परंतु दुसरे कोणी यावयास धजत नव्हते त्या दिवसांत ही माणसे तेथे होती, हेही ध्यानात ठेवावे.

अंगकोर वाटला शेवटी, निदान अर्धा दिवस हाती ठेवून जावे. येथे प्रदक्षिणेची सवय मोडावी लागते. ओवऱ्यांतील शिल्पकथा उलट्या दिशेने, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून, वाचावयाच्या आहेत. मंदिराचे तोंड पश्चिमेला आणि कथांचा क्रम अपसव्य, यावरून ही वास्तू राजाच्या अंत्यविधीशी संबद्ध असावी असे कित्येक पंडितांनी मानले आहे. पश्चिमेच्या ओवरीत उजव्या हाताला कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी पडलेले भीष्म शोधावेत. दक्षिणेच्या ओवरीत सूर्यवर्म्याची मिरवणूक, आणि तिच्यापुढे ३७ स्वर्ग व ३२ नरक; यमधर्माच्या दरबारी चित्रगुप्त बसलेला आहे. पूर्वेला समुद्रमंथन, सुमारे ४९ मीटर लांब, एका बाजूस ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूस ८८ देव. येथे थोडे थांबावे. देवांच्या टोकाला वासुकीची शेपटी धरून एक महाकाय वानर उभा आहे, आणि त्याला हनुमान म्हणून ओळखतात. समुद्रमंथनात हनुमान आपल्या पुराणांत कोठेच नाही! शिल्पकाराची ही चूक नव्हे. त्याने ऐकलेली कथाच निराळी होती. 'रामकेर' या ख्मेर रामायणात तर सेतू बांधताना हनुमानाची सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येशी गाठ पडते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. गावोगावच्या वेशीवर ब्रह्मचारी मारुतीला तेल वाहणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून धक्का बसेल, आणि तो धक्का बसलेलाच बरा. सियाम रीपमध्ये सायंकाळी नृत्याचे कार्यक्रम होतात. त्यांत हा प्रसंग पुष्कळदा दाखवितात. तो पाहताना वाटाड्याला दुरुस्त करू नये.

नोम पेन्हला एक दिवस तरी द्यावा, आणि त्याची मनाने तयारी करून जावे. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या अवघ्या पावणेचार वर्षांत ख्मेर रूज राजवटीने शहरे ओस पाडली, शाळा, देवळे, नाणे बंद केले, आणि सुमारे सतरा लाख माणसे उपासमारीने, श्रमाने व हत्येने मेली. त्या काळी ज्या शाळेचा तुरुंग झाला ती तुओल स्लेंगची इमारत आणि शहराबाहेरील चोएंग एकचे वधस्थान ही दोन्ही स्मारके २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आली. वर्गांच्या भिंतींवर कैद्यांची छायाचित्रे लावलेली आहेत. लहान मुलांना तेथे नेऊ नये. मोठ्यांनी तेथे स्वतःची छायाचित्रे काढू नयेत, आणि साठीच्या पुढचा माणूस भेटला तर 'त्या वेळी तुमच्या घरचे कोण गेले' असे विचारू नये. तो सांगेल तर ऐकावे. त्या आणि त्यानंतरच्या युद्धांतील पेरलेले सुरुंग अद्याप सर्व निघालेले नाहीत. १९७९ पासून सुमारे २०,००० माणसे त्यांनी मारली. अंगकोरचा परिसर निर्धोक केलेला आहे, परंतु दूरच्या प्रांतांत मळलेली वाट सोडून पाऊल टाकू नये. मंदिरांच्या वाटांवर पाय गमावलेल्या माणसांची वाद्यवृंदे बसलेली दिसतात. पैसे द्यावयाचे असतील तर तेथे द्यावेत, आणि थोडा वेळ बसून ऐकावेही.

परतताना आणावयाच्या वस्तूंत काम्पोतची मिरी आणि हातमागाचे रेशीम चांगले. जुनी मूर्ती म्हणून कोणी काही दाखविले तर हात लावू नये. खरी असेल तर ती चोरीची असते आणि बाहेर नेणे गुन्हा आहे. कोह केर येथील दहाव्या शतकातल्या एका मंदिरात भीम व दुर्योधन यांच्या गदायुद्धाचा पूर्णाकृती शिल्पसमूह होता. यादवीच्या काळात चोरांनी त्या मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या; पावले तेवढी जोत्यावर राहिली. त्या पावलांवरूनच पुढे मूर्तींची ओळख पटली, आणि २०१४ मध्ये दोघेही अमेरिकेतून परत आले. नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे ते सकाळी, दार उघडताच. त्या वेळी दालनांत फारसे कोणी नसते.